सिम काढलेल्या सर्व्हरचा मेसेज

करणी, भानामती असलं काही मी घरात बोलूही देत नाही. तरी हे लिहिते आहे, कारण पुरावा माझ्याच मोबाईलमध्ये आहे.

मलकापूरजवळच्या एका वीज उपकेंद्रात मी टेस्टिंगचं काम करते. कंट्रोल रूममध्ये टाइम सर्व्हर आहे... गच्चीवरच्या अँटेनातून उपग्रहांची वेळ घेतो आणि सगळ्या यंत्रांना देतो. वेळ चुकली तर बिघाड आधी कुठे झाला हेच कळत नाही. म्हणून मी त्यावर अलार्म लावले: चारपेक्षा कमी उपग्रह दिसले की खोलीत बझर, आणि दहा मिनिटं तसंच राहिलं तर सर्व्हरमधल्या सिमवरून मला मेसेज. पासवर्ड फक्त मला आणि सुनीलला माहीत. अकरा वर्षांपासूनचा सहकारी, राखी बांधते त्याला.

मे महिन्यात मी देऊळघाटला पुतणीच्या लग्नात होते. बारा वाजून दहा मिनिटांनी मेसेज आला — ‘उपग्रह ०, वेळ १२:१०’. लगेच सुनीलला फोन लावला.

"काही नाही ताई, आभाळ आलं असन. तुम्ही जेवा निवांत."

"आभाळानं जात नसते रे ते. गच्चीवर जाऊन पाहा."

"हाव, पाह्यतो."

चार दिवसांनी, मी कामावर परतले त्याच दिवशी, लाइन ट्रिप होऊन बंद पडली. आमच्या नोंदींची वेळ समोरच्या उपकेंद्राशी जुळेना. चौकशीला साहेब आले. सर्व्हरच्या नोंदीत होतं: लग्नाच्या दिवशी ११:४० ला माझ्या नावानं अलार्म बंद, ११:४१ ला सिम काढलं.

"मी तर रजेवर होते," मी म्हटलं.

सुनील मान खाली घालून म्हणाला, "ताई घरून, फोनवरूनबी करत असतात साहेब. सिम... तेबी त्याहीनंच काढाले सांगतलं व्हतं."

माझ्यासमोर म्हणाला. मला निलंबनाची नोटीस दिसायला लागली.

साहेब गच्चीवर गेले. चार लुगड्यांवर सुनीलच्या बायकोच्या कुरडया वाळत होत्या आणि कावळे बसू नयेत म्हणून अँटेनावर ॲल्युमिनियमची परात पालथी! बझर कोकलत होता म्हणून यानं अलार्मच बंद केला होता, आणि मला मेसेज जाऊ नये म्हणून सिम काढलं होतं. मी मेसेज आणि त्यानंतरचा कॉल दाखवला. साहेब म्हणाले, "स्वतः बंद करणारी बाई विचारायला फोन कशाला करेल?" मी सुटले.

नंतर सुनीलला विचारलं, "काऊन रे?"

"मले तं नोटीसच भेटली असती ताई. तुमाले कोन काय म्हणते? साहेबाचा भरोसा हाय तुमच्यावर."

आता मेसेजचं. तो उशिरा पोचला म्हणावं, तर आतली वेळच १२:१०. आला त्याच सिमच्या नंबरवरून, आणि सिम तेव्हा अर्ध्या तासापासून सुनीलच्या ड्रॉवरमध्ये. सर्व्हरमध्ये पाठवल्याची नोंद नाही. कंपनीचा माणूस म्हणाला, शक्य नाही. मी स्वतः परात ठेवून, सिम काढून तीनदा करून पाहिलं... काही येत नाही.

तो मेसेज कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. सुनीलनं का केलं, ते मात्र त्याच्या पहिल्याच वाक्यात समजलं, आणि त्या दिवसापासून मी त्याच्याशी कामापुरतंच बोलते.