टमाट्याचं काळं बूड

माझं माहेर करमाडचं. घरात शेतीचं बोलणं निघालं की आण्णा, म्हणजे माझे वडील, भावांकडे बघून बोलत आणि मी भाकरी थापता थापता ऐकत असे. लग्न होऊन शहरात आले आणि गच्चीवर जुन्या बादल्यांत टमाटे लावले. आण्णा एकदा बघून गेले. "बादलीत कुठं शेती व्हती का, बाई?" म्हणाले आणि हसले. मला ते चांगलंच झोंबलं. दिवाळीला या, माझ्याच टमाट्यांची भाजी खाऊ घालते, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं.

पाऊस उघडला आणि झाडं फळांनी लदबदली. पण लाल व्हायच्या आतच एकेका टमाट्याचं बूड काळं पडून आत दबायला लागलं. सासूबाईंनी दृष्ट लागल्याचं जाहीर करून कठड्याला लिंबू-मिरची टांगली. नवऱ्यानं दुकानातून कसलंसं औषध आणून पानांवर फवारलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मी एक फळ चिरून बघितलं. अळी नाही, भोक नाही, पानावर साधा ठिपका नाही. आणि काळं पडायचं ते नेहमी बुडालाच, देठाकडे कधीच नाही.

स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलेल्या बादलीतलं झाड मात्र ठणठणीत होतं. रोप तेच, माती तीच. फक्त त्याला मी रोज तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी घालत होते.

तिथंच मला उलगडलं. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यानं येतं. नळ आला की घरोघरी ड्रममधलं शिळं पाणी ओतून ताजं भरायची घाई. ते ओतून द्यायला जीव होत नाही, म्हणून मी ते सगळं गच्चीवर नेऊन टमाट्यांना पाजत होते. मग पुढचा नळ येईपर्यंत त्यांना तांब्याभरसुद्धा नाही. एक दिवस पूर, बाकीचे दिवस दुष्काळ. फळ तरी बिचारं काय करणार?

शिळं पाणी मी वेगळ्या ड्रममध्ये झाकून ठेवायला लागले आणि रोज सकाळी थोडं थोडं घातलं. मातीवर पाचोळा पसरला. काळी पडलेली फळं वाया गेली, पण नंतरची स्वच्छ बुडाची आली. सासूबाईंनी श्रेय लिंबाला दिलं. मी दिलं नाही. माझी नजर शेतकऱ्याची आहे, हे मला त्या दिवशी कळलं आणि अजूनही मी ते मिरवते.

दिवाळीला आण्णा आले ते चहाआधी थेट गच्चीवर गेले. एकेक टमाटा उलटा करून त्यांनी बूड बघितलं. मग म्हणाले, "औंदा आपल्या रानात बुडं काळी पडलीत. लाइट येईल तवा पाणी सोडतो आम्ही. तू कसं देती?"

मी सांगायला लागले. खाली चहा गार झाला, तरी ते बादलीच्या काठाशी बसून ऐकत होते.