बाईंचं घमेलं

आमच्या मोठ्या सिस्टर कुठल्याही बाईला खाटेवर घ्यायच्या आधी तिचे पाय धुवायच्या. थट्टा नाही. लाखांदूरच्या पलीकडे आमचा छोटासा सरकारी दवाखाना. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत कळा सुरू झालेल्या बाया थेट धानाच्या बांधीतून यायच्या, गुडघ्यापर्यंत चिखल. सिस्टर टेबलाखालचं निळं घमेलं ओढायच्या, कोमट पाणी ओतायच्या आणि खाली बसायच्या. सारं गाव त्यांना 'बाई' म्हणायचं, मीही.

मी नवी नर्स होते, नाक मुरडलं. "बाई, हे आपलं काम आहे का?"

बाई हसल्या. "पाय धुतले का बाई आपोआप बोलते पोरी. कुठं दुखते, घरी काय चालू हाय, सारं सांगते. तुह्या फारमात हाय काय ते?"

नव्हतं. पण फॉर्म वाढतच गेले. चार जणींचं काम, आम्ही दोघी. बदलून गेलेल्यांच्या जागी कुणी आलंच नाही. वॉर्ड, लसीकरण, रजिस्टर, आणि मग तेच सगळं पुन्हा मोबाईलवर. औषध संपलं की नातेवाईक बाईंवर ओरडायचे, आणि बैठकीत साहेब विचारायचे, नोंदी मागे का? "माणूस हाव मी बाप्पा, मशीन नाई," असं बाई म्हणायच्या, पण साहेबांना नाही, औषधांच्या रिकाम्या कपाटाला. मी हसायची. काय हसायचं होतं त्यात, देव जाणे!

एका रोवणीत कोंढ्याहून बाईंच्या भावाचा फोन आला, आई जेवत नाही. साहेब म्हणाले, बदली माणूस द्या आणि जा. बाई माझ्याकडे आल्या. "एक दिवस दोघींचं करशील काय वो? मायले पाहून येते."

मी तीन दिवस घरी गेले नव्हते. तोंडातून निघून गेलं, "सोमवारी जा ना बाई. सोमवारी दुसऱ्या दवाखान्यातली सिस्टर येणार आहे." बाई "बरं" म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

रविवारी दुपारी आई गेली. बाई पोचल्या तेव्हा तिला शेवटची आंघोळ घालून झाली होती.

तेरवीनंतर त्या कामावर आल्या. चिखलाने माखलेली एक पोरगी दारात कण्हत उभी होती. "पाय पूस अन् चढ वर," बाई म्हणाल्या. तिच्याकडे बघितलंही नाही. त्या दिवसापासून घमेलं टेबलाखालून निघालं नाही. कुणी तक्रार केली नाही. उलट नोंदी वेळेवर होऊ लागल्या म्हणून साहेब खूश होते.

वर्षभरात बाईंनी नोकरी सोडली. शाल-नारळ उरकल्यावर मी त्यांना एसटीपर्यंत सोडायला गेले आणि मला रडूच फुटलं. "बाई, त्या दिवशी मी तुम्हाला जा म्हणायला पाहिजे होतं."

"तूही तं थकूनच होती ना पोरी. तुह्यावर राग नाई." त्यांनी माझा हात दाबला आणि बस येईपर्यंत सोडला नाही.

पायरीवर पाय ठेवून त्या थांबल्या. "मायनं जनमभर दुसऱ्याच्या बांधीत रोवणी केली. एवढ्या बायांचे पाय धुतले मी. तिचेच राहून गेले."