मोकळ्या रस्त्यावर झोपणारा टॉवर

"ब्रेक! सिद्धार्थभाऊ, ब्रेक मारा!"

मी मागच्या सीटवरून ओरडले. गाडी चढावर होती. चढ संपला की पलीकडे रस्त्यात गुरांच्या कुटाराने, म्हणजे भुशाने, भरलेली ट्रॉली उभी आहे हे मला माहीत होतं, सकाळी मीच ती उभी करून घेतली होती. गाडीलाही ते एव्हाना कळायला हवं होतं. ती आपली त्याच वेगात चालली होती.

सिद्धार्थभाऊंनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. टायर किंचाळले, माझा लॅपटॉप खाली आपटला, पट्टा छातीत रुतला. गाडी थांबली तेव्हा ट्रॉलीवरचं 'हॉर्न प्लीज' इतकं जवळ होतं की पुढच्या काचेत मावत नव्हतं. सगळं शांत झालं. आणि मग गाडीच्या यंत्रातली बाई गोड आवाजात बोलली, "पुढे अडथळा आहे."

"अरे बाप्पा! आता सांगून राह्यली का हे?" सिद्धार्थभाऊ म्हणाले. मी खाली पडलेला लॅपटॉप उचलला.

मी मोबाइल नेटवर्कमध्ये ऑप्टिमायझेशन इंजिनियर आहे. टॉवरचा सिग्नल कुठे पोहोचतो, कुठे पडतो, हे गाडीतून हिंडत मोजायचं आणि दुरुस्त करायचं. आई शेजारणींना सांगते, पोरगी टॉवर मोजते. शेलूबाजारच्या पुढे एका रस्त्याचा तुकडा वाहतुकीला अजून खुला झाला नव्हता. तिथे आमची ट्रायल चालू होती. पुढच्या वाहनाला धोका दिसला की ते (इथे ट्रॉलीवर बसवलेलं यंत्र) टॉवरला कळवतं, टॉवर मागच्या गाडीला कळवतो आणि गाडी स्वतःहून वेग कमी करते. चढापलीकडचं कॅमेऱ्याला दिसत नाही, वळणाआडचं माणसाला दिसत नाही. नेटवर्कला मात्र कळू शकतं. अट एकच, निरोप क्षणात पोहोचला पाहिजे. त्यासाठी फाइव्ह-जी. जुन्या फोर-जीवरूनही निरोप जातो, पण रेंगाळत जातो. व्हिडिओ जरा उशिरा सुरू झाला तर आपण चिडतो, बस. इथे तेवढ्या वेळात गाडी ट्रॉलीत घुसते.

पंधरवडाभर आम्ही हीच गाडी याच चढावरून पळवत होतो. दरवेळी ती चढाच्या आधीच बोलायची आणि हळू व्हायची. एकदाही चुकली नव्हती. दुसऱ्या दिवशी मुंबईहून पाहुणे येणार होते, म्हणून ही रंगीत तालीम. आणि नेमकी तीच अशी.

आमचे प्रोजेक्ट मॅनेजर पुण्याचे. ते पाहुण्यांसाठी घातलेल्या मांडवाखाली बसून होते.

"काय झालं? ड्रायव्हरने ब्रेक का मारला? सिस्टिमला चान्स द्यायचा ना!"

"सर, चान्स दिला असता तर आम्ही ट्रॉलीखाली असतो."

"लिंक तुटली का?"

"नाही. तुटली असती तर गाडीने लगेच ओरडून ताबा माणसाच्या हातात दिला असता. लिंक चालू होती. फोर-जीवर उतरली होती."

"मग ग्लिच असेल. उद्या डेमो आहे. तू फक्त नेटवर्क रेडी म्हणून कन्फर्म कर."

ग्लिच! आमच्या धंद्यात ज्याचं कारण सापडत नाही त्याला ग्लिच म्हणतात आणि जेवायला जातात. माझं डोकं तडकलं. पण रागापेक्षा भीती मोठी होती. कारण सिद्धार्थभाऊ तिथेच उभे होते. ते कामरगावचे, शांत माणूस, गाडी चालवणं हाच त्यांचा धंदा. उद्या पाहुण्यांसमोर त्यांना पाय पेडलपासून मागे ओढून बसायचं होतं. तसं सरांचं फर्मानच होतं, नाहीतर ऑटोमॅटिक कसं दिसणार?

त्यांनी मला बाजूला घेतलं. "ताई, मले ते फाइव्ह-जी फोर-जी काई समजत नाई. तुमी हो म्हनसान तं मी उद्या बसतो. तुमी नाई म्हनसान तं नाई बसत. साहेबाले काय सांगायचं ते मी पाहून घेतो."

त्यांनी माझ्यावर एवढा विश्वास टाकायला नको होता.

ऊन उतरल्यावर मी माझे टेस्ट फोन घेऊन परत त्या चढावर गेले. टेस्ट फोन म्हणजे सतत मोठमोठ्या फाइली ओढत राहणारे फोन. त्यांच्यावरून नेटवर्कचा जोर कळतो. सगळं हिरवंगार. फुल फाइव्ह-जी. गाडी मागे घेतली, पुन्हा चढवली, पुन्हा हिरवं. मी घाबरले ती इथे. दोष समोर दिसला तर त्याच्याशी भांडता येतं. तोंड लपवून बसलेल्या दोषाशी काय करणार?

सिद्धार्थभाऊ सोबत होते. ते म्हणाले, "दुपारी हे फोन नव्हते ना ताई गाडीत?"

"नव्हते. सर म्हणाले, गाडी चकाचक दिसली पाहिजे, तुमचं वायरींचं जंजाळ काढा. म्हणून मीच उतरवले." बोलता बोलताच मी खिशातला मोबाइल काढला.

मी पुण्यात कंट्रोल रूमला फोन लावला. तिथे माझा जुना सहकारी होता. तो स्क्रीनवर प्रत्येक टॉवर बघू शकतो.

"हे बघ, मी माझे सगळे टेस्ट फोन बंद करतेय. तू फक्त चढाजवळच्या टॉवरवर नजर ठेव."

मी एकेक फोन बंद केला. सिद्धार्थभाऊ बाटलीतलं पाणी प्यायले. मग फोनवरून आवाज आला, "अगं, फाइव्ह-जी बंद झालं इथलं! फोर-जी चालूय. थांब... हां, स्लीप मोड. वीज वाचवायला लावलंय. लोड नसला की झोपतो तो."

"आणि गाडीचा लोड?"

"गाडीचे निरोप केवढेसे गं. त्याला वाटतं, कुणीच नाही."

मी गाडीच्या दाराला धरून उभी राहिले. पंधरवडाभर टॉवर आमच्याच फोनांमुळे जागा होता. मोजायला गेलो म्हणून नेटवर्क चांगलं होतं. ज्या दिवशी मोजणारे उतरले त्या दिवशी तो झोपला, आणि आम्ही दोघं त्याच्या भरवशावर चढ चढत होतो.

मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "गुड कॅच. उद्यापुरतं स्लीप ऑफ करून घे."

"ऑफ झालं तरी पाहुण्यांच्या आधी एक रन होईल. एकही टेस्ट फोन नाही, गाडी एकटी. तुम्ही पण बसा सर आमच्यासोबत."

"मला मणक्याचा त्रास आहे," सर म्हणाले.

रात्री स्लीप मोड बंद करून घेतला, सिद्धार्थभाऊंना हो म्हटलं आणि सकाळी आम्ही दोघंच बसलो. मुद्दाम बराच वेळ कुणालाच रस्त्यावर फिरकू दिलं नाही, टॉवरला झोपायची पुरेपूर संधी दिली. सिद्धार्थभाऊंचा पाय ब्रेकवरच राहील, ही माझी अट होती. चढ लागला. मी खोटं सांगत नाही, मला डोळे मिटायचे होते. मनात एकच विचार होता, मी या माणसाला हो म्हटलंय.

"पुढे अडथळा आहे."

गाडी हळू झाली. चढ संपायच्या आत हळू झाली. ट्रॉली दिसली तेव्हा आम्ही बैलगाडीच्या वेगाने चाललो होतो. सिद्धार्थभाऊ मोठ्याने हसले, मी सीटवर डोकं टेकून रडले.

डेमो उत्तम झाला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, सरांनी फोटो काढून घेतले. मांडव उतरवत असताना मी विचारलं, "सर, या तुकड्याच्या पलीकडचे टॉवर? तिथे स्लीप मोड तसाच आहे. उद्या या गाड्या सगळ्याच रस्त्यांवर येतील."

"तो आपला स्कोप नाही," सर म्हणाले. मी लेखी कळवलं. 'नोंद घेतली' असं उत्तर आलं, त्यापुढे काही नाही.

परत येताना सिद्धार्थभाऊंनी विचारलं, "म्हन्जे ताई, रस्त्यावर गर्दी असली तं टॉवर जागा. आन् एकटाच मानूस येऊन राह्यला तं झोपला?"

"हो."

"अन् गर्दीत तं मानूस आपल्या मनानंच हळू चालवते."

आता कुठलाही रस्ता तपासायचा असला की मी आधी माझ्या सगळ्या टीमला तिथून उठवते, फोन बंद करायला लावते आणि एकच गाडी सोडते. टीम वैतागते, वेळ जातो, सर चिडतात. चिडू देत. गाडीत बसणारा रस्त्यावर एकटाच असणार आहे.