आगीमागची चव

दगडूतात्या दारू चाखायचे आणि थुंकायचे. घोट तोंडात घ्यायचा, डोळे मिटून तो चावल्यासारखा करायचा आणि पिचकारी मारून मोकळं व्हायचं. इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात ते शिपाई होते आणि मी कंपौंडर. मी रुजू झालो त्याच दिवशी औषधात घालायच्या स्पिरिटची नवी बरणी आली. तात्यांनी बूच काढलं, बोट बुडवून जिभेला लावलं, थुंकले आणि म्हणाले, "पानी घातलंय, कंपौंडर. लिवून घ्या." मी मापाची काचनळी सोडून पाहिली. पाणी होतं. तेव्हा दारूबंदी इतकी कडक होती की दारूचं नाव काढतानाही माणसं मागे वळून बघत, आणि हा गृहस्थ भर दुपारी दवाखान्याच्या पायरीवर पिचकाऱ्या मारत होता.

ही विद्या त्यांनी लढाईत कमावली होती. आसामात अमेरिकन लष्कराच्या छावणीत ते मेसमध्ये बेरर होते. तिथला एक कप्तान दारूचा मोठा दर्दी. आठवड्याला तीन बाटल्या टेबलावर मांडायचा. सगळ्या मक्याच्या, जळक्या लाकडाच्या पिपात मुरवलेल्या, एकीपेक्षा एक जहाल. अमेरिकेची बर्बन व्हिस्की ती; तात्या तिला 'बरबान' म्हणत. तिघींतला फरक ओळखायला त्या साहेबाने तात्यांना शिकवलं. आधी तोंड जरा उघडं ठेवून वास घ्यायचा, मग घोट, मग थुंकी, मग पेल्यात चार थेंब पाणी टाकून पुन्हा पहिल्यापासून.

"पयली गुळचट," तात्या सांगायचे, "दुसरीत जळकं लाकूड आन् तिसरी नुसतीच आग. आता आग तर समद्यास्नीच लागती. आगीमागं काय हाय ते सांगंल तो जानकार. आन् गिळली की निवाडा गेला!" अख्ख्या लढाईत एक थेंब पोटात गेला नाही, असं ते छातीवर हात मारून सांगत. मला ते खरं वाटायचं, अजूनही वाटतं.

ते लढाईवर असतानाच त्यांची बायको वारली. परत आले तेव्हा त्यांचा दहा वर्षांचा मुलगा महादू मामाकडे वाढत होता. बापाला तो ओळखेना. पोराला जवळ करायला तात्यांकडे होतं काय? ना जमीन, ना शिक्षण. एक जीभ होती, ती त्यांनी पोराला दिली. आधी गूळ, मग विहिरींचं पाणी, मग काकवी. पोरगं हुशार निघालं. सणसरचा गूळ आणि बारामतीचा गूळ डोळे बांधून वेगळा करायचं. पुढे सोळा-सतराचा झाल्यावर, कुणी चोरून हातभट्टीची बाटली आणली की बाप-लेक शेजारी बसत. महादू घोट घ्यायचा, थुंकायचा आणि सांगायचा, "पयल्या धारंची. नवसागर जास्त झालाय." तात्यांचा ऊर भरून यायचा. "माझ्यापरास वरचढ हाय!" आम्ही टाळ्या वाजवायचो. होय, मीही वाजवल्या. तिथे एकालाही शहाणपण सुचलं नाही, आणि सगळ्यांत शिकलेला म्हणवणारा तर मीच होतो.

महादू सणसरकडे साखर कारखान्यात फिटर म्हणून लागला. तिथे त्याच्या जिभेची कीर्ती त्याच्याआधी पोचली होती. भट्टीवाले नवा माल त्याच्यापुढे धरू लागले. त्याने पसंत केला की बाकीचे कामगार डोळे मिटून घेत. आणि बापाच्या माघारी महादू थुंकत नव्हता.

हे कळलं त्या दिवसापासून मी तात्यांना हसताना पाहिलं नाही. दर रविवारी ते सणसरला जायचे आणि सोमवारी पडल्या चेहऱ्याने कामावर यायचे. आधी समजावलं, मग मारलं, मग आपलं पागोटं त्याच्या पायांवर ठेवलं. "मी शिकिवलंय, मीच इसरिवतो," म्हणायचे. पोराने आईची शपथ घेतली, ती नऊ दिवस टिकली. दहाव्या दिवशी तो बापाला म्हणाला, "आबा, आगीमागं काय हाय ते बघ म्हनून तुमीच सांगत हुता. बगतोय मी." हे तात्यांनीच मला सांगितलं. त्यांनी चाखणं सोडलं. दवाखान्याच्या स्पिरिटलाही हात लावेनात. "ह्या जिभंनं माझं घर खाल्लं, कंपौंडर," एवढंच म्हणत आणि फरशी पुसायला घेत. दोन वर्षं हा माणूस माझ्यापुढे रोज थोडा थोडा खचत गेला आणि मी "होईल सगळं ठीक" यापलीकडे काही बोललो नाही.

एका सकाळी कारखान्याचा ट्रक दवाखान्याच्या दारात थांबला. दोघांनी महादूला आडवा उचलून आणला. पोटात कळा, श्वास भात्यासारखा आणि डोळे सताड उघडे. "आबा, समदं पांढरं दिसतंय," तो म्हणत होता. आदल्या दिवशी भट्टी पकडली गेली म्हणून त्याने कुणाच्या तरी घरात लाकडाला लावायचं पॉलिश मिसळलेली दारू घेतली होती. "चाखली न्हाईस का रं?" तात्यांनी विचारलं. "कळलं हुतं, आबा," महादू म्हणाला, "पर ऱ्हावलं न्हाय."

डॉक्टरसाहेबांनी सोडा दिला, सलाईन लावलं. मग त्यांनी मला बाजूला घेतलं. पॉलिशमधल्या या विषावर उतारा म्हणून चांगली, कडक, शुद्ध दारू थोडी थोडी पाजत राहावी, असं त्यांनी एका विलायती मासिकात वाचलं होतं. आमचं शुद्ध स्पिरिट संपलं होतं, पुण्याहून यायचं होतं. कपाटात होतं ते जखमा पुसायचं, आणि कुणी पिऊ नये म्हणून त्यात तेच विष मिसळलेलं. मी धावत फौजदारांकडे गेलो. भला माणूस. जप्त मुद्देमालातल्या पाच बाटल्या स्वतः उचलून घेऊन आला. पण त्यांपैकी कुठलीत काय मिसळलंय, कुणाला ठाऊक?

डॉक्टरांनी बाटल्या टेबलावर मांडल्या आणि तात्यांकडे पाहिलं. काही सांगावं लागलं नाही.

तात्यांनी चूळ भरली. डब्यातल्या भाकरीचा कोरडा तुकडा चावून तोंड साफ केलं. पेला मी धरला. पहिली चाखली, थुंकले. "पालिश." दुसरी वासावरच बाजूला सारली. तिसरीला बराच वेळ लागला. पलीकडे महादू कण्हत होता आणि हे चार थेंब पाणी घालून पुन्हा चाखत होते. "तात्या, लवकर!" मी ओरडलो. "गप बसा, कंपौंडर! चुकलो तर पोरगं जाईल माझं!" चौथी आणि पाचवी झाली. मग पुन्हा तिसरी. शेवटी तिसरीवर हात ठेवून ते म्हणाले, "ही. गूळ आन् बाभळीची साल. दुसरं काय न्हाय हिच्यात."

डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापाने पाणी घालून ती पाजायची होती. तात्यांनी पेला माझ्या हातून घेतला. महादूचं डोकं मांडीवर घेतलं. पहिला घोट जाताच पोरगं पुटपुटलं, "बाभळ हाय, आबा."

"व्हय, लेकरा. गीळ आता. थुकू नगंस."

दर तासाला तात्या पाजत राहिले. मी तिथून उठून बरण्यांच्या खोलीत गेलो आणि भिंतीकडे तोंड करून रडलो. दुसऱ्या दिवशी दुपारी महादू गेला.

दिवसकार्य उरकल्यावर तात्यांनी नोकरी सोडली आणि लोणी भापकरला आपल्या गावी गेले. निघताना मला एवढंच विचारलं, "बाटली चुकली का हो माझी?" त्याच वर्षी माझी बदली बारामतीला झाली. गुरुवारच्या बाजाराला तात्या तिथे यायचे, मला गाठायचे आणि तेच विचारायचे. "नाही हो, तात्या, उशीर झाला होता, डॉक्टर म्हणाले ना," मी सांगायचो. ते मान हलवायचे आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा विचारायचे. माणूस वाळून अर्धा झाला होता. मला बघवेना. मी इंदापूरच्या डॉक्टरसाहेबांच्या मागे लागलो आणि त्या बाटलीतली उरलेली दारू त्यांनी तपासणीला पुण्याला पाठवली. महिन्याभराने कागद आला. दारू शुद्ध होती. विषाचा अंशही नव्हता.

मी तो कागद खिशात घालून गुरुवारची वाट बघत बसलो. आता तात्या सुटतील, रात्री दोन घास जेवतील, असं मला वाटत होतं. ते बाजारातून आले, आमच्या पायरीवर टेकले. मी सगळं वाचून दाखवलं, सही-शिक्का दाखवला. "बघा, तात्या, तुमची जीभ अगदी बरोबर होती!"

त्यांनी कागदाची घडी करून तो माझ्या हातात परत दिला. मग चेहरा दोन्ही हातांत धरून ते असे रडले की मी त्यांच्याजवळ जायलाही धजलो नाही.

"चुकली आसती तर बरं हुतं, कंपौंडर," ते म्हणाले. "येका दिवसाची चूक आसती ती. पोराला चाखाया शिकिवलं, ती जल्माची."