बिंदोलीची घोडी

आमच्या घोडीला चालता येत नव्हतं. धावता येत होतं, नाचता येत होतं, आणि सगळ्यात चांगली येत होती ती रेवाल. पाठ जराही न हलवता चारही पाय झरझर टाकायची ती चाल. त्या चालीसाठीच वडिलांनी तिला मारवाडातून आणवलं होतं. सकाळी तिच्यावर बसून, भरलेली चहाची बशी हातात धरून वडील अंबडच्या बाजारातून जायचे आणि थेंब सांडायचा नाही. लोक दुकानाच्या फळीवर उभे राहून बघायचे. पण घोडी निवांत चालली आहे, असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, आमच्याकडे ती घोडीच होती.

आणि मला तिच्यावर बसून सावकाश जायचं होतं. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि माझं लग्न ठरलं होतं. आम्हा मारवाड्यांत लग्नाआधी बिंदोली निघते. पुढे बँड, मागे गाणी म्हणणाऱ्या बायका आणि मधे घोडीवर नवरदेव. काही घरांत नवरीचीही निघते, आमचं घर त्यातलं. भावांना लहानपणापासून घोडीवर बसवलेलं, मी आपली तिला गूळ चारणारी. पुढे सासरी घुंघट आणि चार भिंती ठरलेल्याच होत्या. म्हणजे जन्मात एकच संध्याकाळ, सगळ्या गावापेक्षा उंच बसायची! त्यासाठी मी काहीही केलं असतं.

आई म्हणाली, "ही बया बँडच्या पुढे निघून गेली तर? नवरी शहागडला आणि वऱ्हाड इथं! घोडी चालायला शिकली तर घोडी, नाहीतर टांगा."

टांगा! टांग्यातून तर मी दात काढायलाही गेले होते. मी हट्टाला पेटले. भावाचा पायजमा घागऱ्याखाली चढवला आणि रोज उन्हं कलली की सरकीच्या गोदामामागच्या मोकळ्या रानात घोडी नेऊ लागले. सोबतीला धाकटी वहिनी, कारण मुलीनं एकटीनं जायचं नाही. घोडी सांभाळणारा म्हातारा मोतद्दार लांबून ओरडायचा, "ताई, ताणून धरा लगाम! बिलकुल ढील देऊ नका!"

मी ताणायची. घोडी सुटायची. मी आणखी ताणायची, ती आणखी सुटायची. "मंग अजून ताणा!" असा वरून हुकूम. गोदामाला फेऱ्या मारून मारून माझे तळहात सोलवटले. रात्री मी त्यांना तूप लावायची आणि घोडीला मनसोक्त शिव्या द्यायची. सकाळी तिचे ते आत वळलेले, टोकं जुळवलेले कान दिसले की पुन्हा विरघळायची.

एके संध्याकाळी वहिनीला शौर्य सुचलं. दोन्ही हातांनी घागरा उचलून ती घोडीला आडवी गेली. घोडी तिच्या बाजूनं वाऱ्यासारखी निघाली आणि वहिनी धपकन मागच्या शेणाच्या ढिगात बसली. तशी बसल्या बसल्या तिनं काय करावं? उठली नाही, शेण झटकलं नाही. समोर मोतद्दार उभा म्हणून आधी हनुवटीपर्यंत घुंघट ओढून घेतला!

मला हसू फुटलं. असं हसू, की हातातला लगाम सैल पडला, गुडघे ढिले झाले, अर्ध्या भरलेल्या पोत्यासारखी मी खोगिरात बसकण मारली. आणि घोडीनं मान खाली घातली, मोठ्ठा फुर्रकन श्वास सोडला आणि चालायला लागली. एखाद्या म्हशीसारखी, पाऊल-पाऊल.

"थांबून राह्यली की काय?" मोतद्दार म्हणाला.

थांबली नव्हती. चालत होती! मी लगाम ओढून पाहिला, निघाली झरझर. सोडला, आली चालीवर. मग डोक्यात उजेड पडला. वडील तिला रेवालीवर घ्यायचे ते लगाम ताणूनच. ताण म्हणजे तिच्या लेखी 'चल, दाखव तुझी चाल'. आम्ही सगळे मिळून तिला थांब थांब म्हणत पळवत होतो. त्या दिवशी मी तिच्या मानेला मिठी मारून वेड्यासारखी किंचाळले, आणि तरीही ती चालतच राहिली.

वडिलांना पटलं नाही. "ढिला लगाम? माझ्या घोडीला? ठीक आहे, घोडामैदान जवळच आहे. तिच्या गळ्यातला दोर माझ्या हातात राहील. एकदा जरी ती सुटली तरी तुला उतरवून टांग्यात बसवीन."

म्हणून बिंदोलीत माझ्या मागे रिकामा टांगाही होता. गॅसबत्त्या पेटल्या, बँड वाजला, वरून सगळा बाजार दिसला. माझे गुडघे आवळले, मुठी आवळल्या. घोडीचे कान उभे राहिले, पाय झरझर पडू लागले. वडील दोरासकट पळत म्हणाले, "ताण!"

मी घाबरून वळून पाहिलं. गाणाऱ्या बायकांत वहिनी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, जराशी खाली बसली आणि गंभीरपणे घुंघट हनुवटीपर्यंत ओढला.

झालं. माझ्या घुंघटाआड हसण्याचा बांध फुटला. हात सुटले, अंग सैल पडलं आणि घोडी गाईसारखी चालू लागली. लोकांना दिसले ते फक्त माझे गदगदणारे खांदे. बायकांनी लगेच पाठवणीचं गाणं धरलं. एक म्हातारी तर डोळे पुसू लागली.

वडिलांनी वर पाहिलं. सैल लगाम पाहिला, खांदे पाहिले. हातातला दोर त्यांनी घोडीच्या मानेवर टाकला आणि माझ्या पावलावर हात ठेवून चालू लागले. "रडू नको गं," ते म्हणाले, आणि त्यांचाच आवाज कातर झाला. मी हसत होते हे कसं सांगू? सांगायला तोंड उघडलं तर खरंच रडू आलं.

आईचा मागून निरोप आला, "अहो, इतकं हळू? जल्दी चला, जेवणं गार होतील."

वडील म्हणाले, "होऊ देत."