न विचारता फिरणारा बाण

शिवकांताबाईंच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर त्यांनीच भरतकाम केलेलं फडकं असायचं. ढोकीकडच्या एका साखर कारखान्यात त्या ऊसनोंदणीचं काम करत. नवरा गेल्यावर त्याच्या जागी लागलेली नोकरी; मुलगी प्रतीक्षा सासरी नांदत होती. संध्याकाळी पडद्याचं बटण दाबायचं, वरून फडकं ओढायचं, की मशीन बंद झालं, अशी त्यांचीच काय, सगळ्या ऑफिसची पक्की समजूत.

मशीनवर लिनक्स होतं. बसवलं कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या, पुण्याच्या उत्कर्षनं. काही अडलं की तो तिथूनच इंटरनेटवरून पडद्यावर यायचा. आधी चौकट उमटायची, ‘ताई, येऊ का?’ बाई ‘हो’वर टिचकी मारायच्या आणि चक्क खुर्ची सोडून उभ्या राहायच्या. मग माउसचा बाण आपोआप फिरून काम करायचा. आलेल्या माणसाला जागा द्यायची, म्हणून सगळ्या ऑफिसनं हा रिवाज उचलला. उत्कर्षला कळलं तेव्हा तो पोट धरून हसला.

अलीकडं जेवणाच्या सुट्टीत बाई तामलवाडीच्या भागवत गुरुजींना ई-मेल लिहीत. गुरुजीही एकटेच. फोनवर दोघांना शब्द फुटत नसत, लिहिताना फुटत. परवा गुरुजींनी विचारलं होतं, ‘रविवारी घरी येऊ का? तुम्ही म्हणाल तरच.’ बाईंना हो म्हणायचं होतं. पण आपल्या मनानं, आणि गोष्ट चारचौघांच्या तोंडी जायच्या आत.

आणि आज सकाळी त्यांचे साहेब विष्णुपंत सुपारी चघळत सगळ्यांसमोर म्हणाले, “काय शिवकांताबाई, रविवारी तामलवाडीचे पाहुणे म्हणे?”

माना वळल्या. कुणी तरी फिस्सकन हसलं. पोटच्या पोरीलाही न सांगितलेली गोष्ट! बाईंनी बाहेर जाऊन उत्कर्षला फोन लावला.

“ताई, तुमच्या पडद्याला आत्ता विष्णुपंत सरांचं मशीन जोडलेलं दिसतंय. ते घरूनही बघू शकतात.”

“आरं, पण म्या रोज फडकं टाकून जाते की!”

“फडक्यानं काय होणार? मशीन चालूच असतं. तुम्ही जे उघडं ठेवता ते सगळं तिकडं दिसतं.”

“आन् ती विचारायची चौकट?”

तो जरा घुटमळला. “सरांनी काढायला लावली. म्हणाले, माझ्या ऑफिसात मी काय विचारून यायचं? सगळ्यांच्याच मशीनवरून काढली, ताई. बंद करू का आत्ता?”

“राहू दे. म्या सांगते तवा कर.”

बाईंना शिसारी आली. हा साहेब चहाचा कप स्वतःचा वेगळा ठेवतो, दुसऱ्यानं हात लावला तर दोनदा विसळतो. आणि दुसऱ्याच्या मनातलं मात्र घरी पाय पसरून, चवीनं वाचतो. आपण लिहून खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं, सगळं त्यानं बघितलं असणार. निव्वळ घाण. विहिरीवर जाऊन आंघोळ करावी असं त्यांना वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत साहेबांच्या केबिनचं दार लोटलेलं होतं. बाईंनी डबा न उघडता मेल उघडला. थोड्या वेळानं बाण आपसूक हलला आणि गुरुजींच्या ओळीवर जाऊन बसला, भाकरीवर माशी बसावी तसा. बाईंनी अक्षरं मोठी केली आणि लिहिलं, ‘रविवारी या. वाट बघते.’ पाठवून दिलं. हा होकार गुरुजींच्या आधी त्या माणसानं वाचला, हे त्यांना फार लागलं.

मग त्या खुर्ची सोडून उठल्या. मोठ्यानं म्हणाल्या, “या, बसा!”

“उत्कर्ष आलाय का?” शेजारच्या नीलाबाईंनी विचारलं.

“न्हाय. विष्णुपंत सायेब आलेत. रोज येतेत, न विचारता. सगळ्यांच्याच मशीनवर येतेत. म्हणलं, आज खुर्ची तरी द्यावी.”

रिकाम्या खुर्चीसमोर, मोठ्या अक्षरांतल्या ‘वाट बघते’वर बाण थिजून राहिला होता. नीलाबाईंनी आपल्या पडद्याकडं पाहिलं, पदर सावरला आणि उठल्या. मग एकेक जण आपापल्या मशीनपासून बाजूला झाला. सगळं ऑफिस खुर्च्या सोडून केबिनच्या दाराकडं बघत उभं राहिलं.