दातांचा पंचनामा

ती घटना आजही आठवली की जीभ आपोआप दाढेवर जाते. तेव्हा मी भंडारा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो.

सकाळची हजेरी चालू असताना आमचा खबऱ्या धापा टाकत आला. "साहेब, त्या भाड्याच्या खोलीतल्या पोरीपाशी मानसाचे दात हायेत. बाटल्याच्या बाटल्या! माह्या डोयानं पाह्यलं. जादूटोना करून राहिली ते!"

पंच घेऊन गेलो. दाराबाहेर गर्दी जमलेलीच होती. आत टेबलावर शंभरावर छोट्या बाटल्या, प्रत्येकीत एक दात, वर चिकटवलेली चिठ्ठी: क्रमांक, वय, बाई की पुरुष. शेजारी ॲसिड, निळी शाई, इंजेक्शनची सुई. खोलीभर कंबरेला चोळायच्या मलमासारखा वास. माझ्या डोक्यात तर कलमंही लिहून झाली.

मुलगी सव्वीसेक वर्षांची, सिहोऱ्याकडच्या शेतकऱ्याची. "सर, मी दातांची डॉक्टर आहे. पुढचं शिकते. हा माझा अभ्यास आहे."

असं सांगणारे मी पुष्कळ पाहिले होते. एक बाटली नमुना म्हणून बाजूला काढली. बाकीचे दात हवालदारानं मोजायला सोपं पडावं म्हणून एकाच पिशवीत ओतले. ती ओरडली, "अहो थांबा! असं नका करू!" मला वाटलं, सापडली म्हणून घाबरली. पिशवीला लाखेचं सील लागलं, पंचनाम्यावर मी सही ठोकली.

ठाण्यात महिला शिपाई शेजारी बसवून चौकशी सुरू केली. दात कुठले? तुमसरच्या एका दवाखान्यात उपटलेले. दिले कुणी? लोकांनी, स्वखुशीनं.

"दात कुणी स्वखुशीनं देतं का हो?" मी खेकसलो.

"ती बाटली उजेडात धरा, सर."

धरली. दात काचेसारखा आरपार, आत निळ्या रेषा. "मोजा," ती म्हणाली. मी तीन मोजल्या.

"नीट बघा."

चौथी होती, केसाएवढी, एका रेषेला अगदी खेटून.

"ॲसिड आणि त्या मलमाच्या वासाच्या तेलानं दात असा आरपार होतो, आणि सुईनं सोडलेली शाई त्याच्या मुळांतल्या नळ्या दाखवते. वरच्या या दाढेत कुणाला तीन नळ्या, कुणाला चार. रूट कॅनल करताना चौथी डॉक्टरच्या नजरेतून सुटली की दाढ दुखतच राहते. माझ्या आईची तशीच उपटावी लागली. आपल्या लोकांच्या नळ्या कशा असतात, वयाप्रमाणे बदलतात का, तेच शोधतेय."

तरी मी दवाखान्यात फोन लावला. त्यांनी दुजोरा दिला. तेवढ्यात करडी गावचे एक म्हातारबा बातमी ऐकून काठी टेकत आत आले. "साहेब, तिले कायले बसवून ठेवलं? त्यातला एक दात माहा होता. मी फेकूनच देनार होतो. तिनं इचारलं, मी देल्ला!"

झालं, संशयाची हवाच गेली. दिवस मावळायच्या आत तिला सोडलं आणि पिशवी परत दिली. तिनं सील फोडून दात टेबलावर पसरले आणि बघतच राहिली.

"यातला कोणता दात किती वयाच्या माणसाचा, बाईचा की पुरुषाचा, आता मला कसं कळणार? महिन्याभरात प्रबंध द्यायचाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिची माफी मागितली.

"माफी राहू द्या, सर. बाहेरच्या लोकांना तरी सांगा, मी काय करत होते ते."

मी तिच्या दारासमोर उभं राहून सगळ्यांना सांगितलं.

संशय घेणं हे पोलिसाचं कामच आहे, त्याची मला खंत नाही. पण ती ओरडली तेव्हा "का हो?" एवढं विचारायला किती वेळ लागला असता? पुढे प्रत्येक नव्या हवालदाराला मी हेच शिकवलं, की मुद्देमालाला हात लावण्याआधी तो काय आहे ते ज्याचा त्यालाच विचारा. तिनं पुन्हा पहिल्यापासून दात गोळा केले, असं नंतर कळलं. प्रबंध वेळेत न झाल्यानं तिची परीक्षा वर्षभर लांबली. ते वर्ष माझ्या सहीनं गेलं.